सुईत दोरा ओवताना तुझा हात थरथरत होता

बाळा,

फोनवर हे सगळं बोलणं होत नाही, तू "हो पप्पा, बघते पप्पा" म्हणतेस आणि मागून कुणीतरी तुला हाक मारतं, म्हणून टाईप करून पाठवतोय. लांबलंय जरा, पण पूर्ण वाच.

जानेवारीत सोलापूरला गड्ड्याच्या जत्रेला आली होतीस तेव्हाचं. आजीनं वाकळ शिवायला घेतली होती आणि तुला म्हणाली पोरी एवढा दोरा ओवून दे. तू तीनदा प्रयत्न केलास, टोक तोंडात धरून ओलं केलंस, पिळलंस, तरी दोरा नेढ्याच्या आजूबाजूलाच जात होता. चौथ्यांदा सुई खाली टाकलीस आणि आजीवर केवढ्यानं ओरडलीस. मग आत जाऊन रडलीस, आईला म्हणालीस मला काय होतंय तेच कळत नाही, वाचलेलं टिकत नाही, मी मुळातच ढ आहे, माझ्याच्यानं ही परीक्षा होणार नाही. मी दारातच होतो, सगळं ऐकलं.

तू ढ नाहीस गं. तुझा तो हात बघितला आणि मला माझा हात आठवला.

तू तिसरीत असशील, तेव्हा मी एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात रात्रपाळीला होतो, १२ तासांची पाळी. ताण्याचा, म्हणजे उभा धागा तुटला की माग थांबवायचा, तुटलेलं टोक शोधायचं, फणीतून ओढून घ्यायचं आणि दोन बोटांत गाठ मारायची, हे काम मी डोळे मिटून करायचो. रात्रभर चहाची किटली फिरायची, मालकाकडून फुकट, पहाटेपर्यंत १५-१६ हाफ सहज व्हायचे. पुढं पुढं ती गाठच बसेना. बोटं थरथरायची, धागा निसटायचा, छातीत धडधड व्हायची. सकाळी घरी येऊन आडवा पडलो तरी झोप नाही, नुसता मागाचा खडखडाट कानात. आणि एकदा तुझ्या हातून पाण्याचा तांब्या सांडला तर मी तुझ्यावर हात उगारला. तू आजीच्या मागं जाऊन उभी राहिलीस आणि तिथून माझ्याकडं बघत होतीस, ते अजून डोळ्यापुढून जात नाही. तुला आठवत नसेल, मला रोज आठवतं.

मला त्यावेळी वाटायचं माझा स्वभावच बिघडला. चहाचा संशयसुद्धा आला नाही, कारण चहानं तर मी उभा होतो ना!

नंतर एका डॉक्टरांनी समजावलं आणि मग मी स्वतः पण वाचत गेलो. आपण जागे असतो तोवर मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचं एक रसायन साठत जातं, ते आपल्या जागेवर बसलं की थकवा जाणवतो, झोप येते. चहा-कॉफीतलं कॅफिन काय करतं, त्या जागा अडवतं. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून सीट धरतात ना, तसं. प्रवासी कुठं जात नाहीत, बाहेर उभेच असतात, आणखी येत राहतात. रुमाल उचलला की सगळी गर्दी एकदम आत घुसते. दुपारी ४ ला तू जी एकदम गळून जातेस आणि अजून एक कॉफी करतेस, ती ही गर्दी. कॉफीनं ताकद आलेली नसते, थकवा फक्त झाकलेला असतो.

आणि चिडचिडीचं कारण दुसरं. जास्त कॅफिननं अ‍ॅड्रेनालिन वाढतं, छाती धडधडते, तळहाताला घाम येतो, म्हणजे भीती वाटल्यावर शरीराचं जे होतं अगदी तेच. शरीर घाबरलेलं आहे म्हटल्यावर मन कारण शोधायला लागतं, आणि तुझ्यापुढं परीक्षा आहेच. मग रात्री २ ला तुला वाटतं आपलं आयुष्य संपलं.

तू दिवसभरात काय काय पितेस ते सांगितलेलं मी कागदावर मांडून बघितलं. कॉफी ४ मग, चहा ३ कप, आणि रात्री ती एनर्जी ड्रिंकची बाटली. कॉफीच्या एका मगात साधारण ६० ते ८० मिलिग्रॅम धर, चहात ४०, त्या २५० मिलीच्या बाटलीत ७५ च्या आसपास. सव्वाचारशेच्या पुढं जातं गं सगळं मिळून. धडधाकट मोठ्या माणसानं दिवसात ४०० च्या वर जाऊ नये असं म्हणतात, आणि कित्येकांना त्याच्या निम्म्यातच त्रास होतो. तू तर जेवतेस पण नीट नाही.

शिवाय ते लवकर उतरत नाही. अर्धं उतरायलाच साधारण ५ तास लागतात. रात्री १० ला घेतलेलं पहाटे ३ ला अर्धं अंगात असतं. झोपलीस तरी ती झोप वरवरची, आणि दिवसभर वाचलेलं डोक्यात बसतं ते झोपेतच, म्हणून तुझं वाचलेलं टिकत नाही. डोक्याचा दोष नाही त्यात काही.

पण एकदम बंद करू नकोस हं, ती चूक मी केली. दुसऱ्या दिवशी डोकं असं ठणकलं की भिंतीला टेकून बसलो, कशातच मन लागेना, आणि मला वाटलं आता हा वेगळाच आजार. ती सवय सुटतानाची डोकेदुखी असते, १२ ते २४ तासांत सुरू होते आणि आठवडाभर पण राहू शकते. तू आधी रात्रीची बाटली सोड. मग दुपारी २ नंतरची कॉफी. मग दर तीन-चार दिवसांनी एक कप कमी. सकाळचा चहा राहू दे, तो मी पण पितो, फक्त जेवणाला लागून नको, जेवणातलं लोह नीट मिळत नाही त्यानं. तरी धडधड राहिलीच तर थायरॉईड आणि हिमोग्लोबिन तपासून घे, पैसे मी पाठवतो.

रविवारी हुतात्मा एक्स्प्रेसनं शेजारचे काका येतायत, त्यांच्याकडं कडक भाकरी आणि शेंगा चटणी देतोय, रात्री भूक लागली की कॉफीच्या ऐवजी दह्यात कालवून ते खा. आजीला मी सांगितलंय पोरगी तुझ्यावर चिडली नव्हती, तिला पटलंय, तरी तू एक फोन कर तिला. आणि रात्री ११ नंतर कधी जीव घाबरला तर आधी मला लाव. मी जागा असतो.

तुझे पप्पा