मंदे, तुलाच विचारायचं होतं

दिंडोशी, गोरेगाव (पूर्व), मुंबई
रविवार, रात्रीचे साडेअकरा

प्रिय मंदे,

आठ महिन्यांत पत्र नाही. फोनवर नुसतं "बरी आहेस ना, मी बरी". रागावली असशील, आणि तुझा राग रास्त आहे. पण हे फोनवर बोलण्यासारखं नाही. शेजारच्या खोलीत हे झोपलेत.

गुडघा तसाच आहे, साखर आटोक्यात आहे, ह्यांच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. तब्येतीचं एवढंच.

धाकटीनं नोकरी सोडली. गेल्या महिन्यात जेवताना म्हणाली, "आई, २०२९ ला मी विधानसभेला उभी राहणार. अपक्ष." तिचं हे काही अचानक आलेलं खूळ नाही. दोन वर्षं ती वरच्या वस्तीत पाण्यासाठी पायपीट करतेय. अर्ज, वॉर्ड ऑफिस, पुन्हा अर्ज. एका पक्षातून बोलावणंही आलं होतं. ती गेली, तर पहिलं वाक्य "आधी फंडाचं बोलू". उठून आली. मला म्हणाली, उमेदवारानं खर्च करायची कायद्यातली मर्यादाच ४० लाख आहे, आपल्याकडे चार तरी आहेत का? मी म्हटलं, तुझ्या आजीचं लाटणं आहे. हसली गं, अगदी तिच्या आजीसारखी.

ते लाटणं खरंच अजून आहे. १९७२ च्या महागाईत आई आपल्याला घेऊन मोर्चात थाळ्या बडवायला गेली होती, तेव्हा त्याला मधोमध जी खोक पडली, ती अजून बोटाला लागते. पोळी लाटताना तिथे पीठ अडकतं. सून म्हणते नवीन आणू. मी आणू देत नाही.

तर धाकटी सध्या आपल्या मृणालताई गोऱ्यांच्या नावानं झोपते नि उठते. त्यांच्या नावाच्या उड्डाणपुलावरून रोज जाते, म्हणे पुलावरून जाणाऱ्या किती जणांना माहीत आहे ही बाई कोण? वही केलीय तिनं. डॉक्टरकीचं शिक्षण सोडून राष्ट्र सेवा दलात. नवरा गेला १९५८ साली, ताई तिशीच्या, पोर लहान. १९६१ ला महापालिकेत, १९७२ ला आमदार, आणीबाणीत आधी भूमिगत मग तुरुंग, १९७७ ला खासदार, १९८५ ला पुन्हा विधानसभेत, पुढे विरोधी पक्षनेत्या. मी म्हटलं, ही यादी कसली वाचतेस, नळावरच्या बायकांना विचार. रात्री तीनला हंडे लावून बसायचो आपण, आणि सकाळी तेच रिकामे हंडे घेऊन ताई अधिकाऱ्याच्या दारात. खुर्ची नंतर आली, हंडे आधी. धाकटीला ते कळतं, म्हणून तर तिनं नोकरी आत्ता सोडलीय, निवडणुकीला इतकी वर्षं असताना.

७७ ची आठवण निघालीच. "पानीवाली बाई दिल्ली में, दिल्लीवाली बाई पानी में" हे मी तुमच्या गॅलरीखाली मुद्दाम तीनदा ओरडले होते, काका काँग्रेसचे म्हणून. तू दोन महिने बोलली नाहीस. मंदे, तुझं ते चुकलंच होतं, घोषणा काकांना नव्हती, इंदिरा गांधींना होती. आणि रात्री आमच्याच घरात बसून ताईंच्या मतदारांच्या चिठ्ठ्या घड्या घालत होतीस ते काकांना शेवटपर्यंत कळलं नाही. गुपित ठेवावं तर तू.

म्हणून तुला लिहितेय.

परवा ती वही घेऊन माझ्यासमोर बसली. म्हणाली, आई, हे बघ. १९८६ ला ताईंनी गर्भलिंग चाचणीवर बंदीसाठी अशासकीय, म्हणजे सरकारनं न मांडलेलं, विधेयक आणलं. विरोधातल्या आमदाराचं असलं विधेयक सहसा मंजूर होत नाही, पण सभागृहाला त्यावर बोलावं लागतं, सरकारला उत्तर द्यावं लागतं. बाहेर बायकांची मोहीम चालू होतीच. आणि १९८८ ला महाराष्ट्राचा कायदा झाला, देशातला पहिला. केंद्राला त्यासाठी १९९४ उजाडलं. मग मान वर करून म्हणाली, "१९८८, म्हणजे माझंच साल. तेव्हा तुमच्या आजूबाजूला कुणी केली होती का गं ही चाचणी?"

मी दूध बघायला उठले. गॅसवर दूध नव्हतंच.

मंदे, दादरच्या त्या जिन्यावर तू पिशवी घेऊन उभी होतीस ते मला काल घडल्यासारखं दिसतं. सकाळी अकराची वेळ घेतलेली होती. सासूबाईंनी साडीसुद्धा काढून ठेवली होती. तेव्हा लोकलच्या डब्यात जाहिराती असायच्या, चोरून काहीच नव्हतं, लोक रक्त तपासायला जावं तसे जायचे. पहिली मुलगी, म्हणून दुसऱ्या वेळी "बघून घेऊ". आणि तू नऊला येऊन सासूबाईंना थाप मारलीस की आईला चक्कर आली, हिला आत्ताच्या आत्ता गोरेगावला नेते. स्लो लोकलमध्ये माझा हात सोडला नाहीस. घरी आई ठणठणीत. तिनं तुझ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि चहा टाकला. सातवा महिना लागेपर्यंत मला परत पाठवलं नाही तिनं.

हे तेव्हा काहीच बोलले नाहीत. "जा" म्हणाले नाहीत आणि "जाऊ नकोस"ही नाही. खाली बघून पेपर वाचत होते. तो पेपर मला इतकी वर्षं टोचतोय. पण त्याच माणसानं पुढे हिला पाठुंगळी घेऊन आरे कॉलनीत फिरवलं, हिच्या दहावीला रात्र रात्र जागले, आणि आता ऑपरेशननंतर डोळ्यांत थेंब घालायला ह्यांना हीच लागते, मी चालत नाही. हिला सांगितलं तर उद्यापासून थेंब घालताना तिचा हात कसा असेल? आणि नाही सांगितलं, तर ज्या कायद्याबद्दल ती उद्या चौकात उभी राहून बोलणार, तो तिच्यासाठी केवढा जवळचा आहे हे तिला कधीच कळणार नाही. कायदा आला तेव्हा ती पाळण्यात होती. कायदा नव्हता तेव्हा तू होतीस.

ह्यांना आधी विचारावं असंही वाटतं. आपण दोघांनी मिळून सांगू म्हणावं. पण ३७ वर्षांत ह्या विषयावर आम्ही एक शब्द बोललो नाही, सुरुवात कुठून करू? सासूबाईंना तर शेवटच्या आजारपणात हिनंच भरवलं. गेलेल्या माणसाला दोष देणं आता कुणाच्या भल्याचं? रोज रात्री मी एक बाजू ठरवते आणि सकाळी दुसरी.

आणखी एक भीती आहे. राजकारणात उतरली की विरोधक घर उकरतात. बाहेरच्या कुणाकडून तिला कळायला नको.

तुझ्या नातवाची मुंज झाली, फोटो पाहिले, मी आले नाही, माफ कर. रत्नागिरीच्या घराचं छप्पर झालं का? भावजींचा खोकला कसा आहे? आंबे पाठवू नकोस, स्वतः ये.

हे गुपित जेवढं माझं तेवढंच तुझं, म्हणून तुला विचारल्याशिवाय मी तोंड उघडणार नाही. पुढच्या रविवारी धाकटी जेवायला आहे, हेही घरीच. त्याआधी कळव. आणि येणार असशील तर शनिवारचीच गाडी पकड, मी स्टेशनवर येते.

तुझी,
विजू