पैशाला सहमती लागते, तशी गुरुजींच्या वेळेलाही लागू द्या!

प्रति,
मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,
सविनय नमस्कार.

मी शिक्षणशास्त्रात एम.ए. करते आहे. पहिली ते सातवी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकले. पुढे काय करणार असं कोणी विचारलं की सांगते, शिक्षणाच्या धोरणात काम करायचंय. माझ्या आत्यानं यावर विचारलं होतं, "पॉलिसी म्हणजे विम्याची का गं?" तेव्हा हसले. नंतर वाटलं, तिचं फारसं चुकलं नव्हतं. इथेही हप्ते आज भरायचे आणि हाती काय लागलं ते पंधरा-वीस वर्षांनी कळायचं. "मग सरळ बाई का होत नाहीस शाळेत?" हा तिचा दुसरा प्रश्न. त्याचं उत्तर जरा लांबलचक आहे, म्हणून हे पत्र.

गेल्या वर्षी अभ्यासक्रमाचा भाग म्हणून मी दोन महिने एका द्विशिक्षकी शाळेत होते. शाळेचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर सरांकडे खुलासा मागितला जाईल आणि तो लिहिण्यात त्यांचा आणखी एक दिवस जाईल. वर्ग पहिली ते पाचवी, पट चौतीस. पहिली-दुसरी मॅडमकडे, बाकीचे तीन वर्ग सरांकडे, मुख्याध्यापकपदही सरांकडेच. मी मागच्या भिंतीला टेकून बसायचे. वहीच्या पानावर दोन रकाने आखलेले असत, एक 'शिकवणं' आणि दुसरा 'इतर'.

त्यातलं एका मंगळवारचं पान सांगते. परिपाठ आटोपला, सरांनी पाचवीला अपूर्णांक घेतले. फळ्यावर मोठं वर्तुळ काढून त्याचे चार भाग केले आणि एका मुलीच्या हातात खडू दिला. "तीन चतुर्थांश रंगव." तिनं दोन भाग रंगवले, तेवढ्यात सरांचा फोन वाजला. तालुक्याच्या ग्रुपवर निरोप होता, आधार जुळत नसलेल्या विद्यार्थ्यांची माहिती विहित नमुन्यात बारा वाजेपर्यंत पाठवा, माहिती नसल्यास 'निरंक' कळवा. रेंज फक्त पाण्याच्या टाकीजवळ येते. सर तिकडे गेले. मुलगी खडू घेऊन उभी. तिनं माझ्याकडे वळून विचारलं, "रंगवू का?" मी मान हलवली. तिनं तिसरा भाग रंगवला आणि बरोबर आहे की नाही हे सांगायला कोणी नाही म्हटल्यावर जागेवर जाऊन बसली. सर परत आले तेव्हा तिसरीची पोरं उठून खिडकीशी गेली होती. मग पाचवीला पाढे लिहायला लावून सरांनी तिसरीची मराठी घेतली आणि त्यासाठी फळा पुसला. दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्गाला विचारलं, "काल कुठवर आलो होतो?" मागून एकजण म्हणाला, "फोनपर्यंत!"

सर हसले. मीही हसले, आणि वहीत वेळ लिहिली.

शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन ठरवून दिलं आहे. म्हणजे दिवसाला चार तास. त्यातला रोज एक तास टाकीजवळ गेला तर वर्षाचा चौथा हिस्सा गेला. हे गणित त्या वर्तुळावरही काढता येईल.

आता प्रामाणिकपणे सांगायचं तर सगळं खापर कागदांवर फोडता येत नाही. 'अशैक्षणिक कामं' हे शब्द काही जणांना ढालीसारखे कामी येतात, हे शाळेत राहिलेल्या कोणालाही ठाऊक आहे. आमच्या सरांचाही फोन दरवेळी सरकारी कामासाठीच वाजायचा असं नाही. पण माझ्या वहीतल्या 'इतर' रकान्यातला मोठा भाग कोणाच्या आळसाचा नव्हता, तो वरून आलेला होता. सरांना तालुक्यानं विचारलं, तालुक्याला जिल्ह्यानं, जिल्ह्याला पुण्याच्या शिक्षण आयुक्तालयानं, आणि पुण्याला बहुधा मुंबईच्या मंत्रालयानं.

कायदा नाही म्हणावं, तर तोही आहे. २००९ च्या याच शिक्षण हक्क कायद्याचं कलम २७ सांगतं की दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकांना शिक्षणेतर कामाला लावता येणार नाही. निवडणुकीच्या आणि मतदार यादीच्या कामासाठीही शक्यतो सुट्टीचे आणि अध्यापन नसलेले दिवस वापरा, असं सर्वोच्च न्यायालयानं २००७ मध्ये सांगितलं. आपल्या विभागानं २०२४ च्या ऑगस्टमध्ये शैक्षणिक कामं कोणती आणि अशैक्षणिक कोणती याची वर्गवारीही केली. तरी माझ्या वहीतला रकाना भरतोच आहे, कारण त्यातल्या बहुतेक नोंदी 'शैक्षणिक' गटात मोडतात. यू-डायस (शाळांची देशभराची माहिती) शैक्षणिक, सरल या राज्याच्या पोर्टलवरची दुरुस्ती शैक्षणिक, पोषण आहाराची रोजची नोंद मुलांच्याच हिताची. अमुक दिन साजरा केल्याचे फोटो, तमुक ॲपवरची हजेरी, प्रशिक्षणाची लिंक भरल्याचा स्क्रीनशॉट... एकेक काम सुटं धरलं तर कोणालाही पटेल. सगळ्यांची बेरीज मात्र कोणीच करत नाही. ही बेरीज करणं माझ्या मते धोरणाचं पहिलं काम आहे, आणि मला तेच करायचं आहे.

अभ्यासासाठी मी शासन निर्णय पुष्कळ वाचले. (मैत्रिणी कादंबऱ्या वाचतात, माझं हे असं.) खर्चाचा विषय आला की निर्णयाच्या शेवटाकडे एक ओळ हमखास असते, 'वित्त विभागाच्या अनौपचारिक संदर्भ क्रमांक अमुक अन्वये प्राप्त सहमतीने'. सरकारचा पैसा लागणार असेल तर कोणीतरी आधी मान डोलवावी लागते, आणि ते योग्यच आहे. पण त्याच निर्णयानं राज्यभरातल्या मुख्याध्यापकांचे किती तास लागणार, ते कुठल्या वर्गातून काढायचे, याला कोणाचीच सहमती लागत नाही. शिक्षकाचा वेळ फुकट समजला जातो. माझी मागणी एवढीच आहे की विभागाच्या प्रत्येक निर्णयात आणि परिपत्रकात एक ओळ वाढवा: या कामाला शाळेचा अंदाजे किती वेळ लागेल, ते कोण करेल, आणि त्यासाठी आधीचं कोणतं काम बंद केलं आहे. तिसरा भाग सर्वात अवघड जाईल, याची मला कल्पना आहे.

गणवेशाचंच बघा. आधी शाळा व्यवस्थापन समिती गावात किंवा बाजारपेठेत गणवेश शिवून घ्यायची. कायद्यानं या समितीत तीन चतुर्थांश पालक असतात (पुन्हा तेच तीन चतुर्थांश). २०२४-२५ मध्ये 'एक राज्य, एक गणवेश' आला, कापड वरून आणि शिलाई बचत गटांकडून. गणवेश कित्येक ठिकाणी उशिरा पोचले, मापाला बसेनात, आणि डिसेंबर २०२४ मध्ये अधिकार पुन्हा समितीकडे आले. मी होते त्या शाळेत चौथीतल्या एका मुलाच्या सदऱ्याच्या बाह्या बोटांच्या पुढे जायच्या. तो लिहिताना त्या दुमडायचा आणि उत्तर येत असलं की मुद्दाम सोडून तसाच हात वर करायचा. अख्खा वर्ग हसायचा. सरांनी मापं घेतली, यादी केली, गठ्ठा बांधला, परत पाठवला, पुन्हा आणला. ते तास कुठल्या खात्यावर टाकले?

नोंदी करायला पाठ्यपुस्तकांत घातलेल्या कोऱ्या पानांची गोष्ट याहून छोटी. २०२३-२४ मध्ये आली, २०२५-२६ साठी काढून टाकली. आमच्याकडच्या एकानं त्यांवर ओळीनं ट्रॅक्टर काढले होते. चांगले होते.

चुकलेला निर्णय मागे घेण्यात कमीपणा नाही, उलट ते बरंच आहे. खटकतं ते वेगळंच. तो का फसला, कोणाला आधी विचारलं होतं, पाच-पन्नास शाळांत आधी करून पाहिलं होतं का, हे कुठेतरी लिहून सगळ्यांसमोर ठेवलेलं मला सापडलं नाही. त्यामुळे पुढचा अधिकारी येतो आणि पाटी कोरी समजून सुरुवात करतो.

या राज्यात हे नेहमी असंच होत आलं असंही नाही. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ मध्ये सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक मांडलं. पुढच्या वर्षी ते १३ विरुद्ध ३८ मतांनी पडलं. पण १९१७ मध्ये शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात तीच गोष्ट करून दाखवली, आणि मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. कलकत्त्यात, केंद्रीय कायदेमंडळात पडलेली कल्पना एका संस्थानात चालली. बालशिक्षणात काम करणाऱ्या अनुताई वाघांनी पालघरजवळच्या आदिवासी भागात, कोसबाडला पाहिलं की पोरं गुरांमागे रानात जातात, तेव्हा शाळाच कुरणात नेली. आणि देशाच्या शिक्षणाचा विचार करणाऱ्या कोठारी आयोगाचे (१९६४-६६) सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या बहिरेवाडीचे. आयोगाच्या टेबलापर्यंत पोचण्याआधी त्यांनी खेड्यापाड्यांत काम केलेलं होतं. मी त्यांच्या पासंगालाही पुरणार नाही, पण रस्ता मला तो दिसतो.

अलीकडचं उदाहरण हवं असेल तर साताऱ्यातलं कुमठे बीट (बीट म्हणजे एका विस्तार अधिकाऱ्याकडच्या शाळांचा गट). तिथल्या शाळांत ज्ञानरचनावादी पद्धतीनं, म्हणजे स्वतः करून पाहत, मुलं कशी शिकतात हे पाहायला राज्यभरातून शिक्षक जात. मी ज्यांच्या वर्गात बसले त्या मॅडम तिथे जाऊन आलेल्या. त्यांच्या वर्गातल्या फरशीवर अजून रंगानं आखलेल्या चौकटी आहेत आणि पहिलीची मुलं त्यांत बसून खडे मोजतात. ते परिपत्रकानं झालेलं नाही, एका बाईंनी दुसऱ्या बाईंचा वर्ग पाहिल्यानं झालं आहे. सरकारनं शहाणपणानं वाट मोकळी करून दिली, इतकंच.

थोड्या वर्षांत मुलांच्या शिकण्यात फरक पडू शकतो का? पडतो. 'असर' या 'प्रथम' संस्थेच्या पाहणीनुसार देशभरातल्या ग्रामीण सरकारी शाळांत तिसरीतल्या ज्या मुलांना दुसरीचा मजकूर वाचता येतो त्यांचं प्रमाण २०२२ मध्ये १६.३ टक्के होतं, २०२४ मध्ये २३.४ झालं. दोन वर्षांत सात टक्के-बिंदूंची उडी आहे ही. त्याच आकड्याची दुसरी बाजू अशी की चारातली तीन मुलं अजून अडखळतात.

म्हणून दुसरी विनंती. राज्यातला एक तालुका निवडा, मोठा नको, डोंगराळ असला तर बरं. एका शैक्षणिक वर्षासाठी तिथे नियम करा की शाळेच्या वेळेत कोणीही कसलीही माहिती मागणार नाही. महिन्यातला एक दिवस माहितीसाठी ठरवा, आणि ती भरायला शाळांच्या केंद्राच्या (आसपासच्या शाळांच्या गटाच्या) पातळीवर एक माणूस द्या, म्हणजे केंद्रप्रमुखांनाही वर्ग पाहायला सवड होईल. शेजारचा तालुका आहे तसा चालू द्या. वर्षाअखेरीस दोन्हीकडच्या मुलांचं वाचन आणि गणित तपासा आणि जो निकाल येईल तो जाहीर करा. काहीच फरक पडला नाही, असं निघालं तर मी माझी वही मिटून ठेवीन. कमी पटाच्या शाळा आणि त्या एकत्र करून होणाऱ्या समूह शाळा यांवरही बोलायचं आहे, पण तो विषय असा चार ओळींत उरकण्यासारखा नाही, वेगळं पत्र लिहीन.

एम.ए. झाल्यावर मला मंत्रालयातल्या अशा एका टेबलावर बसायला आवडेल जिथे प्रत्येक मसुदा सहीला जाण्याआधी येतो, आणि तिथला माणूस टिपणी लिहितो, 'अंदाजे वेळ इतका, सहमती आहे' किंवा 'सहमती नाही'. हे पद आज आपल्या विभागाच्या आकृतिबंधात, म्हणजे मंजूर पदांच्या यादीत, नाही. निर्माण झालं तर अर्ज करणाऱ्यांत मी असेन. आत्याला तेव्हा नीट समजावून सांगता येईल.

वहीतली अकरा पानं सोबत जोडली आहेत, ओळख पटेल असा तपशील खोडून. भेटीची वेळ दिलीत आणि खुलासा मागणार नाही असा शब्द दिलात तर सरही यायला तयार आहेत. फक्त दिवस रविवारचा असावा. शाळेच्या दिवशी ते येणार नाहीत, मी विचारून पाहिलं.

आपली विश्वासू,
जिल्हा परिषद शाळेची एक माजी विद्यार्थिनी