नऊ किरणं आणि तुझा एक कान

प्रिय मित्रा,

काल जुनी हार्ड डिस्क चाळत होतो, कुठलातरी स्कॅन केलेला कागद हवा होता म्हणून, आणि कागद राहिला बाजूला, '२०११ येलहंका' नावाचा फोल्डर सापडला, बंगळुरूजवळच्या त्या हवाई तळावर आपण एरो इंडिया हा विमानांचा शो बघायला गेलो होतो तेव्हाचा. चारशेच्या वर फोटो आहेत लेका. सगळे बघत बसलो. धूर, नुसता धूर! निळ्या आकाशात पांढरा धूर, कुठं अर्धी शेपटी, कुठं विमान आहे पण मुंगीएवढं आणि तेही हललेलं, आणि एका फोटोत तर फक्त तुझा कान. तू त्या दिवशी दहा वेळा म्हणाला होतास, ठेव तो डबा खाली आणि वर बघ. मी आपला, थांब रे एक भारी शॉट मिळू दे. तो काही मिळालाच नाही.

वाईट याचं वाटतं की तेव्हा आपल्याला कल्पनाच नव्हती. त्या फेब्रुवारीतल्या एरो इंडियानंतर हवाई दलाची कसरती करणारी सूर्यकिरण टीम बंदच झाली ना. हवाई दलाला पोरांना शिकवायला विमानं कमी पडत होती म्हणून टीमची किरण मार्क २ विमानं परत ट्रेनिंगला गेली. १९९६ पासून उडत असलेली टीम, नऊ किरणं एकत्र उडायची शेवटची वेळ, आपण दोघं तिथं हजर, आणि मी ते सगळं एक डोळा मिटून बघितलं. याला काय म्हणायचं सांग.

त्या दिवसाचं मला आठवतं ते जास्त करून कानानंच. सकाळपासून युरोफायटर, राफाल, सुपर हॉर्नेट असे एकेक येऊन छाती हादरवून जात होते, आपल्याला विमानं विकायची स्पर्धा लागली होती ना तेव्हा, त्यामुळं जो तो आफ्टरबर्नर लावून, म्हणजे इंजिनाच्या मागं जादा इंधन जाळून, सरळ उभाच चढायचा. लोक कानावर हात ठेवून ओरडत होते. आणि मग किरणं आली. त्या धुमाकुळानंतर त्यांचा आवाज म्हणजे लांबून कोणीतरी शीळ घातल्यासारखा, आणि गंमत म्हणजे गर्दी त्याच वेळी गप्प झाली. पटतंय का तुला? का हे मी नंतर मनानं रचलंय? तू म्हणालास आवाज येतो तिकडं बघू नकोस, त्याच्या पुढं बघ. तेव्हा मला ते कळलं नव्हतं. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे विमान एक किलोमीटरवर असेल तर कानाला तीन सेकंद उशिरा कळतं, तोवर ते कुठल्या कुठं. मी कॅमेरा घेऊन कायम तीन सेकंद मागं. निम्मे फोटो रिकाम्या आकाशाचे का आहेत ते आता समजलं.

नंतर या विषयाचं मला वेडच लागलं हे तुला माहितीच आहे. एक गोष्ट तुला सांगायची राहून गेली होती, ऐक. ब्रिटिशांची रेड ॲरोज ही अशीच टीम १९६५ ला सुरू झाली ती नॅट जेटवर, त्याच नॅटचं लढाऊ रूप आपल्या हवाई दलानं पासष्ट आणि एकाहत्तरच्या युद्धात वापरलं. नॅटचं इंजिन ऑर्फियस. आणि आपल्या किरण मार्क २ चंही ऑर्फियसच! पुढं रेड ॲरोज हॉक या ट्रेनिंगच्या जेटवर गेली आणि २०१५ ला सूर्यकिरण परत उभी राहिली तीही हॉकवरच, फक्त आपली हॉक बंगळुरूला एचएएल या आपल्या सरकारी विमान कंपनीनं बांधलेली. तू इथं समोर असतास तर यावर तासभर वाद घातला असतास, कोण कोणाची कॉपी करतं म्हणून.

दुसरं म्हणजे, आपण कायम लीडरकडं बघायचो आणि ते चुकीचं होतं. नऊ जणांचा समभुज चौकोन वळायला लागला की बाहेरच्या कडेवरच्या माणसाला सगळ्यात लांबचा फेरा पडतो, त्याला पॉवर लावावी लागते, आतल्याला कमी करावी लागते, आणि लीडरला पूर्ण थ्रॉटल मारताच येत नाही, कारण त्यानं सगळा जोर लावला तर मागच्यांनी कशाच्या बळावर गाठायचं? म्हणून तो हातचं राखून उडतो. आणि मागचे कोणी समोर बघत नाहीत, जमिनीकडं तर नाहीच. लीडरच्या विमानावरच्या दोन ठरलेल्या खुणा एका रेषेत दिसतायत ना, एवढंच. अमेरिकेच्या थंडरबर्ड्स टीममध्ये एकेकाळी लीडरच्या थेट मागं उडणाऱ्याची शेपटी पुढच्यांच्या धुरानं काळी पडायची आणि ती मुद्दाम तशीच ठेवायचे, मानाची म्हणून.

पण याच थंडरबर्ड्सचं १९८२ चं वाचलं आणि दोन दिवस डोक्यातून जाईना. जानेवारी, नेवाडाचं वाळवंट, चार टी-३८ विमानं शेजारीशेजारी सराव करत लूपमधून, म्हणजे उभ्या गोल फेऱ्यातून, खाली येतायत, लीडरच्या विमानाचं कंट्रोल अडकलं, ते वर उचललंच गेलं नाही, आणि बाकीचे तिघं त्याच्याकडंच बघत असल्यामुळं चौघंही जमिनीत गेले.

आणि तू येलहंकाला कुरकुर करत होतास आठवतंय, एवढ्या लांबून काय दाखवतात, डोक्यावरून न्या की म्हणून? ते लांब ठेवण्यामागं रामस्टाइन आहे. २८ ऑगस्ट १९८८, पश्चिम जर्मनी, इटलीची फ्रेच्चे त्रिकोलोरी ही दहा विमानांची टीम आकाशात बदाम काढत होती आणि एकट्यानं गर्दीच्या दिशेनं येऊन त्या बदामातून आरपार जायचं होतं. वेळ चुकली, तीन विमानं एकमेकांवर आदळली, एक लोकांमध्ये पडलं. ७० माणसं गेली. त्यानंतर बऱ्याच देशांनी नियम कडक केले. तुझी कुरकुर माफ, तेव्हा मलाही माहीत नव्हतं.

२०१९ चं तर तुझ्याशी फोनवर बोललोच होतो. मी एरो इंडियाला जायला बॅग भरून बसलेलो आणि आदल्या दिवशी बातमी आली, १९ फेब्रुवारी, येलहंकालाच सरावात दोन हॉक हवेत धडकली, दोघं इजेक्ट होऊन वाचले, विंग कमांडर साहिल गांधी गेले. मी गेलोच नाही मग. तू म्हणाला होतास जा, ते उडतायत तर आपण बघायला तरी जावं. माझ्याच्यानं झालं नाही, भित्रा म्हण हवं तर.

त्यानंतर थेट गेल्या खेपेला, जानेवारी २०२४, मरीन ड्राइव्ह. यावेळी कॅमेरा घरी ठेवला आणि मोबाइल खिशातून काढलाच नाही, शपथ. आजूबाजूला हजारो हात वर, प्रत्येकाच्या हातात स्क्रीन, जो तो आकाश सोडून स्क्रीनकडं बघतोय, आणि मला आतल्या आत तुझा आवाज ऐकू येतोय, ठेवा ते डबे खाली! नऊ हॉक समुद्रावरून आली. मी ठरवून सगळ्यात शेवटच्यावर नजर ठेवली. लेका, ते विमान स्थिर नसतंच! किंचित वर, किंचित खाली, सतत, पाण्यावर दोरीला बांधलेली होडी कशी हलते ना तसं. लांबून जे एकसंध वाटतं ते आत सगळं असं बारीक बारीक चाललेलं असतं. मग दोघांनी बदाम काढला, पोरं ओरडली, आणि माझ्या मनात रामस्टाइन येऊन गेलं ते बाजूच्या कोणाला सांगणार. टाळ्या मात्र जोरात वाजवल्या.

आता मुद्द्याची गोष्ट. तो तुझ्या कानाचा फोटो. त्यावरची वेळ बघितली तर तो किरणांच्या अगदी शेवटाकडचा आहे, त्याच्या आधीच्या फोटोत नऊच्या नऊ धुराच्या रेषा फुटून चहूकडं निघालेल्या दिसतायत. मला आठवतंय की तू माझा खांदा धरून मला जोरात फिरवलंस आणि काहीतरी ओरडलास, तो बघ, तो बघ असं, आणि माझं बोट तेव्हा बटणावर होतं म्हणून तुझा कान आला. मी फिरलो तोवर तिकडं काहीच नव्हतं. मी चिडलो, शॉट घालवलास म्हणून तुला शिव्याही दिल्या, आणि तू नुसता हसलास.

काय दिसलं होतं रे तुला? फोनवर नको सांगूस, तू फोनवर घाई करतोस. नीट बसून लिही, कुठून आलं, किती खाली होतं, एकटं होतं का, ऊन कुठल्या बाजूला होतं, सगळं. कानाचा फोटो सोबत पाठवतोय, त्यावरून आठवायला मदत झाली तर बघ.

तुझाच,
डबेवाला