चहाआधीची गोळी

मुलुंड, रविवार

ती. आई-बाबांस, सा. न. वि. वि.

फोनवर बाबा नुसतं 'हो हो' म्हणतात, म्हणून लिहून पाठवतेय.

बाबा, तुमच्या एंडोस्कोपीच्या रिपोर्टवर 'लॉस एंजेलिस ग्रेड सी' असं आहे. अन्ननलिकेच्या अस्तराला आतून उभ्या घड्या असतात. जठरातलं ॲसिड वर येऊन तिथे पडलेले तुमचे ओरखडे एका घडीवरून दुसऱ्या घडीपर्यंत सलग गेलेत, पण नळीच्या परिघाच्या 75 टक्क्यांच्या आत आहेत. ए ते डी मधली ही तिसरी पायरी. 'जरा पित्त झालंय' म्हणायचे दिवस गेले.

आता गोळी, कारण घोळ तिथेच आहे. पँटोप्राझोल पोटात साठलेलं ॲसिड मारत नाही. ते आतड्यातून रक्तात जातं आणि जठराच्या पेशींमधले ॲसिड सोडणारे पंप बंद करतं, तेही त्या वेळी चालू असतील तेवढेच. पंप चालू होतात खाल्ल्यावर, आणि गोळी रक्तात फार वेळ राहत नाही. म्हणून आधी गोळी आणि अर्ध्या-पाऊण तासाने खाणं. तुम्ही साडेसहाला चहा-बिस्कीट, आठला पोहे आणि त्यावर गोळी घेता, म्हणजे गाडी सुटल्यावर स्टेशन गाठता. उठल्या उठल्या साध्या पाण्याबरोबर घ्या. आई, चहाचं आधण सातला ठेव. गोळी चावायची नाही, कुटायचीही नाही. वरचं कवच जठरातल्या ॲसिडपासून तिलाच वाचवायला असतं.

जळजळ आठवड्याभरात थांबेलही, पण जखम सावकाश भरते. आठ आठवडे लिहून दिलेत ते त्यासाठी. नंतर पुन्हा दुर्बीण घालायला सांगतील, तेव्हा टाळाटाळ नको. जखम भरली का हे तर बघतातच, शिवाय सूज उतरल्यावरच खालचं अस्तर बदललंय का, म्हणजे बॅरेट आहे का, ते नीट दिसतं. ग्रेड सीला गोळी पुढेही चालू ठेवावी लागते. मनाने एकदम सोडलीत तर ॲसिड दुप्पट जोराने उसळल्यासारखं वाटेल.

पलंगाच्या डोक्याकडच्या दोन पायांखाली 6 ते 8 इंचांचे लाकडी ठोकळे हवेत, वर खळगा कोरलेले. नाहीतर पलंगाचा पाय ठोकळ्यावरून घसरेल. तीन उशांनी काम भागत नाही. माणूस कमरेत दुमडतो, पोट दाबलं जातं आणि ॲसिड उलट वर येतं. रात्री झोपताना डाव्या कुशीवर. जठर अन्ननलिकेच्या खालच्या पातळीला राहतं. आपल्याकडे वामकुक्षी म्हणतात ती डावी कूसच, फक्त जेवल्या ताटावरून उठून लगेच नको, आधी आरामखुर्चीत बसा. रात्रीचं जेवण झोपायच्या तीन तास आधी. मालिका जेवून झाल्यावरही बघता येते.

आई, सोलकढी 'पित्तावर चांगली' म्हणून वाढतेस, पण कोकम आंबट आहे, जखमेवर चुरचुरेल. सध्या नको. वरण-भात, दुधी, पडवळ, मऊ भाकरी खुशाल. प्रत्येकाला वेगळं बाधतं, तेव्हा सरसकट पथ्य नको. काय खाल्ल्यावर जळजळलं ते कॅलेंडरवर लिहा. खायचा सोडा बंद. त्यात सोडियम आहे आणि बाबांना बीपी. गुडघ्याची पेनकिलर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. आणि तुझी हाडांची आठवड्याची गोळीही अन्ननलिकेला चिकटली तर जखम करते. उपाशीपोटी ग्लासभर पाण्याबरोबर घे आणि निदान अर्धा तास आडवी होऊ नकोस.

घास अडकायला लागला, शी डांबरासारखी काळी झाली, उलटीत रक्त दिसलं किंवा वजन उतरलं तर त्याच दिवशी दवाखाना. छातीत दाब, घाम, हातात किंवा जबड्यात कळ आली तर ॲसिडिटी समजून थांबू नका, 108 लावा.

ठोकळे मी शनिवारी घेऊन येते. बाबा, पलंगाच्या पायाची रुंदी पट्टीने मोजून कळवा, अंदाजे नको.

तुमची,
ताई