नोंदवहीत आहे, फळीवर नाही

मा. मंत्री,
उच्च व तंत्रशिक्षण विभाग,
महाराष्ट्र राज्य यांस,

सादर नमस्कार.

गेल्या पावसाळ्यात मला आमच्या खाडीवरच्या जुन्या बंदराची माहिती हवी होती. ती इंग्रज अमदानीतल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरमध्ये, म्हणजे जिल्हावार माहितीच्या सरकारी ग्रंथमालेत, 1880 साली निघालेल्या रत्नागिरी-सावंतवाडीच्या दहाव्या खंडात मिळेल असे वाटले. हा खंड आमच्या तालुक्याच्या वाचनालयात आहे, हे मला शाळेपासून ठाऊक. ग्रंथपालबाईंनी दाखल नोंदवही, म्हणजे आलेल्या प्रत्येक पुस्तकाला क्रमांक देणारी वही, काढली. दाखल क्रमांक मिळाला, पुढे 'संदर्भ' असा शेराही. फळीवर खंड नव्हता, आणि त्याची रिकामी जागाही नव्हती. शेजारची पुस्तके सरकून बसली होती.

तीन आठवड्यांनी तो सापडला. कार्याध्यक्षांच्या खोलीत, काचेच्या कपाटात, शिल्ड आणि सत्काराच्या श्रीफळांशेजारी. कधीतरी प्रदर्शनासाठी काढलेला, परत ठेवायचा राहून गेलेला. चोरी नाही, हेळसांडही म्हणवत नाही.

यात खोट आहे ती पद्धतीत. एखादी कादंबरी घरी नेली की ती सभासदाच्या नावावर चढते, उशीर झाला तर दंड होतो. संदर्भग्रंथ घरी द्यायचा नसतो, म्हणून त्याच्या हालचालीची नोंदच कुणी करत नाही. केतकरांच्या ज्ञानकोशाचा एखादा खंड स्पर्धा परीक्षेच्या मुलांच्या खोलीत गेला किंवा बांधणीला गेला, तर तो कुठे आहे हे फक्त नेणाऱ्याला माहीत.

गॅझेटियर काय, विश्वकोश काय, आता मोबाइलवर वाचता येतात, असे आपण म्हणाल. खरे आहे. पण वाचनालयाच्या माळ्यावर जे असते ते कुठेच नसते. गावच्या बंद पडलेल्या साप्ताहिकाच्या बांधीव फायली, शाळांच्या स्मरणिका, सोसायट्यांचे जुने अहवाल, नाट्यमंडळाची हस्तपत्रके. हे सगळे भेट आलेले. बिल नाही, म्हणून अनेकदा दाखल क्रमांक पडत नाही. क्रमांक नाही, म्हणून रद्दीत घालताना निर्लेखनाचा, म्हणजे नोंदवहीतून कमी करण्याचा, ठरावही लागत नाही. आमच्याकडची दोन पोती अशीच गेली. मी पोचलो तेव्हा वजन होऊन पैसे मोजून झाले होते.

1967 च्या सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाने राज्यात गावोगावी वाचनालये उभी राहिली, टिकली, याचे ऋण आहेच. पण वाचनालयाचा वर्ग, म्हणजे दर्जा, आणि अनुदान ठरताना ग्रंथसंख्या मोजली जाते. पुस्तक विकत घेतले याचा पुरावा फायलीत असतो, ते आज हाताला लागते का याचा नसतो. म्हणून वार्षिक अहवालात एकच पान वाढवा: संदर्भ विभागात नोंदलेले ग्रंथ किती, पडताळणीच्या दिवशी फळीवर किती, उरलेले कुठे. भेट आलेल्या स्थानिक साहित्याची वेगळी नोंदवही सक्तीची करा. आणि जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांकडे या सगळ्याची एकत्र यादी असू द्या, म्हणजे दापोलीच्या अभ्यासकाला राजापुरात काय आहे ते कळेल.

ई-ग्रंथालय ही सरकारी संगणकप्रणाली आहेच. तिच्यात नोंदी भरायला कादंबऱ्यांपासून नव्हे, संदर्भाच्या कपाटापासून सुरुवात व्हावी. मात्र हे काम आहे त्या तुटपुंज्या पगारात ग्रंथपालांच्या गळ्यात मारू नका. नोंदीमागे काही मोबदला ठेवा. 12 ऑगस्टला आपण भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन यांच्या तसबिरीला हार घालतो. वाचकाचा वेळ वाचवा, हे त्यांचेच सूत्र. माझे तीन आठवडे गेले.

सध्या गॅझेटियर जागेवर आहे. खंड काढला की त्याच्या जागी उभा करायचा पुठ्ठा मीच कापून दिला. त्यावर तारीख, नाव आणि कुठे नेला ते लिहायचे. पहिली नोंद परवा झाली. सही कार्याध्यक्षांची आहे.

आपला,
तालुक्याच्या वाचनालयाचा एक जुना सभासद