सहा प्रश्नांत निदान होत नाही

महोदय,
प्रौढांतील एडीएचडीसाठी (लक्ष न टिकणे, अतिचंचलता असा विकार) जागतिक आरोग्य संघटनेची 18 प्रश्नांची 'एएसआरएस' प्रश्नावली हल्ली अनेक जण मोबाइलवरच भरतात. पहिल्या 6 पैकी 4 उत्तरे गडद रकान्यांत पडली, की निदान झाले असेच धरतात. ही फक्त चाळणी आहे! त्यातही गडद रकान्यात पडायला पहिल्या तीन प्रश्नांना 'कधीकधी' हे उत्तर पुरते, पुढच्या तिन्हींना मात्र 'बऱ्याचदा' लागते. सगळ्यांना एकच माप लावले की घोळ होतो. शिवाय विचारणा गेल्या 6 महिन्यांचीच. अपुरी झोप, चिंता, नैराश्य किंवा थायरॉइडमुळेही गुण वाढू शकतात. निदानासाठी काही लक्षणे वयाच्या 12 वर्षांआधीपासूनची आणि घर, नोकरी अशा किमान दोन ठिकाणी दिसणारी असावी लागतात. म्हणून मानसोपचारतज्ज्ञांकडे जाताना आई-वडिलांना किंवा जोडीदाराला सोबत न्या, शाळेची जुनी प्रगतिपुस्तकेही. 'हुशार आहे, पण लक्ष नसते' हा चौथीतला शेरा तिथे फार उपयोगी पडतो.

– एक वाचक, पुणे