सौम्य म्हणजे न दुखणारी नव्हे

संपादक महोदय,
स. न.

कालच्या आरोग्य पुरवणीतला न्यूरोफायब्रोमॅटोसिस या मज्जातंतूंवर गाठी वाढवणाऱ्या आजारावरचा लेख वाचला. ‘या गाठी सौम्य असतात, घाबरू नये’ असे दोनदा छापले आहे. दुखण्याबद्दल एक ओळही नाही. सौम्य म्हणजे कर्करोग नाही, एवढेच. गाठ मज्जातंतूवर वाढते. शर्टाची शिवण घासली तरी कळ जाते आणि घरचे म्हणतात, ‘डॉक्टर तर सौम्य म्हणाले!’

या दुखण्याला पॅरासिटामॉल बहुधा पुरत नाही. गॅबापेंटिन किंवा प्रीगॅबालिन ही मज्जातंतूच्या दुखण्यावरची औषधे लहान मात्रेने सुरू करून हळूहळू वाढवतात. चार दिवसांत गुण नाही, नुसती गुंगी, म्हणून लोक गोळी सोडतात. बरे वाटले म्हणून एकदम बंद करणेही वाईट. झोप उडते, घाम सुटतो, क्वचित झटकेही येतात. ‘गाठ काढून टाका’ हेही सरसकट चालत नाही. प्लेक्सिफॉर्म म्हणजे जाळ्यासारख्या पसरलेल्या गाठीत मज्जातंतूचे धागेच गुंतलेले असतात, ती समूळ काढताना हातापायातली ताकद जाऊ शकते.

या आजाराच्या टाइप १ या प्रकारात होणारी नखाखालची ग्लोमस गाठ तर लेखातून साफ सुटली. काही मिलिमीटरची, एक्स-रेत बहुधा न दिसणारी. गार पाण्यात बोट घातले की ब्रह्मांड आठवते. पेनाच्या टोकाने नख दाबत गेले तर नेमक्या एका बिंदूवर कळ उठते. दंडाला रक्तदाबाचा पट्टा बांधून फुगवला की ती ओसरते. दोन मिनिटांची तपासणी, पण कोणी करत नाही. ज्याचे दुखणे छोट्या शस्त्रक्रियेने बहुतेक वेळा जाते, त्या रुग्णाला वर्षानुवर्षे ‘मनाचे आहे’ हे ऐकावे लागते. याचा मला फार राग येतो.

चौकट द्यायचीच होती तर ही द्यायची : जुनी गाठ जास्त दुखू लागली, रात्री झोपेतून उठवू लागली, भराभर वाढली, मऊची कडक झाली, हात-पाय बधिर पडला, तर लगेच तज्ज्ञाला दाखवा, एमआरआय, पेट स्कॅन लागू शकतो. टाइप १ मध्ये मज्जातंतूच्या आवरणाच्या कर्करोगाचा आयुष्यभराचा धोका ८ ते १३ टक्के आहे.

आणि ‘एलिफंट मॅन’ म्हणून ओळखल्या गेलेल्या जोसेफ मेरिकचे छायाचित्र कशासाठी? त्याला बहुधा प्रोटियस सिंड्रोम हा वेगळाच आजार होता, हे १९८६ मध्येच मांडले गेले. मुलाच्या अंगावरचे तपकिरी डाग, म्हणजे या आजाराची खूण, मोजत बसलेल्या आईबापांनी ते पाहून काय समजायचे? दुरुस्ती त्याच पानावर छापावी, ही विनंती.

– एक वाचक, सांगली